अंगावर काढू नका, मनात ठेवू नका



या सदराला पत्रे येतात ती बहुतेक गुडघेदुखीची, साखरेची, लेकीच्या पाळीची किंवा नातवाच्या खोकल्याची. मागच्या महिन्यात आलेले एक पत्र मात्र वेगळे होते. वरच्या कोपऱ्यात त्या भगिनींनी लिहिले होते, "ताई, अक्षर वाकडे आहे, समजून घ्या. एरवी माझी पत्रे नात लिहिते. पण हे तिला सांगण्यासारखे नाही."

पुढचा मजकूर असा :

"आमचे मिस्टर गोदीतून रिटायर झाले. वय ६७. मागल्या वर्षी कंबर धरली, चालवेना. तपासणीत प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. तो हाडात उतरला आहे असे डॉक्टरांनी सांगितले. दर तीन महिन्यांनी पोटात सुई देतात. दोन महिन्यांत कंबर दुखायची थांबली. रक्ताच्या तपासणीचा आकडाही खूप खाली आला. आम्हाला वाटले, सुटलो. पण आता निराळेच सुरू झाले आहे. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघतात, गंजीफ्रॉक भिजतो. छाती सुजल्यासारखी झाली आहे. टीव्हीवर कुणी रडताना दिसले तरी यांचे डोळे भरतात. रात्री माझ्यापासून दूर, गॅलरीत झोपतात. वर्षावासात विहारात ग्रंथवाचन तेच करायचे. यंदा गेले नाहीत. पांढऱ्या शर्टातून छाती दिसते म्हणतात. सुईची तारीख होऊन बारा दिवस झाले. म्हणतात, दुखणे गेले, आता सुई नको, या सुईने मला माणसातून उठवले. ताई, माझे काही चुकले का?"

तारीख उलटून गेलेली होती. अंक निघेपर्यंत थांबणे बरोबर नव्हते. म्हणून पत्रातल्या नंबरावर त्याच दुपारी मी फोन केला. आधी त्या बोलल्या, मग बऱ्याच आग्रहानंतर त्यांचे मिस्टर फोनवर आले. फार बोलले नाहीत. एवढेच म्हणाले, "सिस्टर, हे असं होणार म्हणून कुणी आधी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर सोसलं असतं."

वाचकहो, २८ वर्षे मी रुग्णालयाच्या वॉर्डात काढली. त्यांचे हे वाक्य मला आमच्यावरच ठपका ठेवणारे वाटले. रांग मोठी असते, डॉक्टरांना वेळ नसतो, आम्ही परिचारिका तारीख लिहून देतो आणि पुढच्या माणसाला हाक मारतो. सुई कशासाठी ते सांगितले जाते. सुईनंतर घरात काय काय होईल ते सांगायचे राहून जाते. ते आज सांगते. त्या दोघांची परवानगी घेतली आहे. नाव-गाव वगळले आहे.

सुई नेमके काय करते?

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. तिचा कॅन्सर बहुधा उतारवयात होतो. या कॅन्सरची एक खोड अशी की, तो पुरुषाच्या अंगातल्या टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर, म्हणजे हार्मोनवर पोसला जातो. हे संप्रेरक मुख्यतः वृषणांत, म्हणजे अंडकोशातल्या गोळ्यांत तयार होते. १९४१ साली अमेरिकेतील शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की, हे संप्रेरक तोडले की प्रोस्टेटचा कॅन्सर माघार घेतो. त्या कामासाठी त्यांना १९६६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गंमत अशी की, आपल्या परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले तेही १९४१ सालीच.

तेव्हा उपाय म्हणजे शस्त्रक्रिया करून वृषण काढणे. तो उपाय आजही आहे. खर्च कमी, एकदाच करायचे, आणि गुणही तसाच. पण ते कायमचे असते. नंतर सुई निघाली. ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन, ट्रिप्टोरेलिन अशी तिची नावे आहेत. महिन्याची, तीन महिन्यांची, काही तर सहा महिन्यांची. वृषणांना काम करायचा हुकूम मेंदूकडून येतो, तो हुकूमच ही सुई थांबवते. कुणाला सोबत बायकॅल्युटामाइड, अॅबिराटेरोन किंवा एन्झाल्युटामाइड अशा गोळ्याही देतात.

म्हणजे औषध लागू पडले याचाच अर्थ अंगातले टेस्टोस्टेरॉन जवळजवळ संपले. कॅन्सरचे खाद्य बंद झाले, म्हणून कंबर दुखायची थांबली. पण त्याच संप्रेरकावर अंगातली दुसरीही कामे चालत होती. हाडांची मजबुती, दंडातली ताकद, झोप, मनाचा तोल, कामेच्छा, सगळ्यांत त्याचा वाटा. ते गेले की या सगळ्या ठिकाणी तुटवडा जाणवतो. गोदीतल्या भावाला मी असेच सांगितले. गोदीचे एक फाटक बंद केले की चोरीचा माल थांबतो, पण त्याच फाटकातून येणारा चांगला मालही अडतो. ते हसले. म्हणाले, "हे मात्र बरोबर."

वाफा : ही गोष्ट घरातल्या बाईला ठाऊक आहे

सुई घेणाऱ्यांपैकी बहुतेक पुरुषांना या वाफा येतात. छातीतून उष्णता वर चढते, तोंड लाल होते, घाम फुटतो, मग कुणाला हुडहुडी भरते. काही मिनिटांत सगळे शांत. दिवसातून दोनदा येतील, दहादाही येतील. रात्री आल्या तर झोपेचे खोबरे होते.

भगिनींनो, वर्णन ओळखीचे वाटते ना? पाळी जाताना आपल्याला हेच झाले होते. बाईच्या अंगातले संप्रेरक उतरते तेव्हा वाफा येतात, पुरुषाचे उतरले की त्यालाही येतात. शरीराची उष्णता सांभाळणारे मेंदूतले केंद्र संप्रेरक कमी झाल्यावर बावरते, एवढाच त्याचा अर्थ. आपण तेव्हा चुलीपुढे उभ्या राहून पदराने तोंड पुसत होतो. कुणी विचारले नाही आणि आपणही कुणाला सांगितले नाही. आता तीच माहिती घरातल्या माणसाच्या उपयोगाची आहे. ती त्याला सांगा.

मी त्या भगिनींना हेच सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, माझे ते दिवस आठवले. रात्री उठून मोरीत तोंडावर पाणी मारायचे. यांना कधी कळलंच नाही."

उपाय साधे आहेत. उकळता चहा, झणझणीत रस्सा, दारू, तंबाखू यांनी वाफा वाढतात. चहा थोडा निववून प्यावा. सुती, सैल कपडे घालावेत. जाड एका कपड्यापेक्षा पातळ दोन बरे, एक काढता येतो. उशाशी पाण्याचा तांब्या आणि कोरडा टॉवेल ठेवावा. वाफ येते आहे असे वाटले की शांत बसून सावकाश, खोल श्वास घ्यावा. विहारात आनापान शिकलेल्यांना हे सांगायला नको. काहींना त्याने आराम पडतो. कोणत्या वेळी, काय खाल्ल्यावर वाफ आली ते आठवडाभर वहीत लिहा. कारण आपोआप सापडते. एवढ्यानेही भागले नाही तर डॉक्टरांकडे यावरच्या गोळ्या आहेत. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरोन, व्हेनलाफॅक्सिन अशी त्यांची नावे. त्या स्वतः दुकानातून आणायच्या नाहीत. पण "डॉक्टर, वाफांवर काही द्या" असे म्हणायला लाजायचे कारण नाही.

थकवा : झोपून राहिल्याने वाढतो

दुसरी तक्रार थकव्याची. जिना चढवत नाही, पेपर वाचता वाचता पेंग येते. घरची माणसे म्हणतात, "आजारी आहात, पडून राहा." प्रेमाने म्हणतात, पण नेमके उलटे होते. संप्रेरक गेले की स्नायू झिजतात. पडून राहिले की ते आणखी झिजतात आणि थकवा वाढतो.

या थकव्यावर व्यायामासारखे औषध नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य-मार्गदर्शक संस्थेने २०१४ साली आपल्या सूचनांत लिहिले की, हार्मोन उपचार घेणाऱ्या पुरुषांना आठवड्यातून किमान दोनदा, असा बारा आठवडे, देखरेखीखाली व्यायाम द्यावा. आपल्या चाळीत व्यायामशाळा नसली तरी चालणे आहे. दहा मिनिटांपासून सुरुवात करा, हळूहळू अर्ध्या तासावर या. जोडीला खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, भिंतीला हात लावून अंग पुढे-मागे नेणे, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून वर-खाली करणे. एवढे पुरे.

एक इशारा. कॅन्सर हाडात गेला असेल तर कोणता व्यायाम चालेल ते आधी डॉक्टरांना विचारा. अशा माणसाने हंडा, सिलिंडर, पोते उचलायचे नाही, झटका बसेल असे वाकायचे नाही. आणि थकवा फारच असेल तर रक्त तपासून घ्या. या उपचारात हिमोग्लोबिनही थोडे उतरते.

हाडे, पोट आणि साखर

संप्रेरक कमी झाले की हाडे विरळ होतात. पहिल्या वर्षात ही झीज सर्वांत जोरात असते. दुखत नाही म्हणून कळत नाही. मोरीत पाय घसरला आणि खुबा मोडला की मग कळते. म्हणून मोरीत शेवाळ राहू देऊ नका, रात्री एक दिवा चालू ठेवा, झिजलेली चप्पल टाकून द्या.

दिवसाला सुमारे १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावे लागते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम असते. पेलाभर दुधात २०० च्या वर मिळते. तीळ, राजगिरा, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी, दही, हिरव्या पालेभाज्या, हे सगळे आपल्या स्वयंपाकघरातले आहे. रक्तदाब असेल तर खारवलेल्या सुक्या मासळीला मात्र हात आखडता घ्या. सकाळचे ऊन अंगावर घ्या. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या लागतील का, हाडांची घनता तपासायची का, ते डॉक्टरांना विचारा. काहींना हाडांसाठी झोलेड्रॉनिक अॅसिडसारखी सुई देतात. ती सुरू करण्यापूर्वी दात दाखवून घ्यावेत. किडका दात काढायचा असेल तर तो आधीच काढावा, कारण या औषधावर असताना दात काढल्यास क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही.

पोट सुटते, हातपाय बारीक होतात. हे खादाडपणाने होत नाही. स्नायू घटतो आणि चरबी वाढते. त्याबरोबर साखर व कोलेस्टेरॉल वाढण्याची भीती असते. २०१० साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या सुयांच्या माहितीपत्रकात मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्याची सूचना घालायला लावली. तेव्हा वजन, रक्तदाब, साखर यांवर लक्ष हवेच. आधीच साखर किंवा हृदयाचा आजार असेल तर कॅन्सरच्या डॉक्टरांना ते पहिल्याच दिवशी सांगा. भात-बटाटा थोडा कमी, डाळ-उसळ-अंडी-मासळी-भाजी थोडी जास्त. विडी, तंबाखू, दारू बंद. पोट, हाड आणि हृदय या तिघांचेही भले त्यात आहे.

छाती सुजते तेव्हा

हा त्रास सगळ्यांना होत नाही. सुईपेक्षा नुसत्या बायकॅल्युटामाइडच्या गोळ्यांवर असलेल्यांना तो जास्त होतो. छाती हुळहुळी होते, थोडी वाढते. सुरुवातीलाच सांगितले तर गोळीने किंवा थोड्या किरणोपचाराने आळा घालता येतो. वाढून बरेच दिवस झाले की मग ती फारशी कमी होत नाही, म्हणून लपवण्यात तोटा आहे. एकाच बाजूला कडक गाठ लागली किंवा बोंडातून पाणी आले तर लगेच दाखवा. एरवी गंजीफ्रॉक जरा सैल घ्या, वर खिसे असलेला बुशशर्ट घाला. आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनो, कुणाची छाती दिसते, कुणाची दाढी विरळ झाली, यावर थट्टा करण्याआधी तो माणूस कोणत्या लढ्यातून चालला आहे ते आठवा.

पाण्याने भरलेले डोळे, रिकामे अंथरूण

आता जे बोलायला सगळ्यांत अवघड, ते बोलू.

या उपचारात मन हळवे होते. ज्या माणसाने आयुष्यात कुणापुढे डोळे ओले केले नाहीत, त्याला किरकोळ गोष्टीने भरून येते. चिडचिड होते. ठेवलेली वस्तू आठवत नाही. संप्रेरकाच्या तुटवड्यात आजाराची भीती मिसळते. त्याला "बायकांसारखे काय रडता" असे कधीही म्हणू नका. ते वाक्य बाईचाही अपमान करते आणि आजारी माणसाचाही. रडू दोन आठवडे सलग टिकले, जेवण तुटले, "आता जगून काय करायचे" असे शब्द तोंडी आले, तर मात्र ते डॉक्टरांच्या कानावर घालाच. सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येते.

आणि पती-पत्नीचे. सुईने कामेच्छा जाते. भूक गेल्यावर ताट समोर असूनही घास जात नाही, तसे. ताठरताही राहत नाही, अवयव थोडा आकसतो. हे बहुतेकांना होते. त्यात बायकोचा दोष नसतो, तिच्यावरचे मन उडालेले नसते, आणि बाहेर कुणी आहे असा तर अर्थ मुळीच नसतो. पण नवरा शरमेने बोलत नाही. बायको समजते, मी नकोशी झाले. एक गॅलरीत जागा, एक आत जागी. मधल्या भिंतीला कुणी हात लावत नाही.

भगिनींनो, तो दूर झोपतो याचे कारण बहुधा हेच असते. जवळ झोपलो तर तिची अपेक्षा असेल, आपल्याकडून होणार नाही, याची त्याला भीती वाटते. म्हणून आधी ती भीती काढा. "काही नको, नुसते जवळ झोपा," एवढे म्हणायला धीर लागतो, पण ते म्हणा. हातात हात घेणे, पाठीला तेल लावणे, शेजारी बसून चहा पिणे, ही जवळीक कोणत्याही सुईने जात नाही. ताठरतेसाठी काहींना गोळीचा उपयोग होतो. पण छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची गोळी किंवा नायट्रेटचे औषध चालू असेल तर ती गोळी जिवावर बेतू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

एक गैरसमजही काढून टाका. कॅन्सर संसर्गाने होत नाही. एका अंथरुणावर झोपल्याने, एका ताटात जेवल्याने, नातवंडाला मांडीवर घेतल्याने तो कुणालाही लागत नाही. त्याचे भांडे वेगळे ठेवू नका.

लोकलच्या डब्यातली जाहिरात

"गेलेली ताकद परत" अशा जाहिराती लोकलच्या डब्यात आणि मुतारीच्या भिंतीवर चिकटवलेल्या असतात. लाजेने डॉक्टरकडे न जाणारा माणूस तिथे जातो. अशा बिननावाच्या पुड्यांत काय मिसळले आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. त्यात टेस्टोस्टेरॉनसारखे काही असले तर जे खाद्य आपण सुई देऊन तोडले, तेच आपल्या पैशाने कॅन्सरला घालू. भगताचा अंगारा, गंडा-दोरा यांविषयी आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही. पण आजारपणात शहाणी माणसेही डगमगतात, म्हणून एक ओळ लिहून ठेवते.

सुई का चुकवायची नाही?

"दुखणे गेले, आता सुई कशाला" हा विचार स्वाभाविक आहे. पण दुखणे गेले आहे ते सुईमुळे. सुई बंद केली तर त्रास दुसऱ्या दिवशी थांबतो असेही नाही. अंगातले औषध उतरायला आणि संप्रेरक परत यायला महिने लागतात. उतारवयात तर ते पूर्ण परत येईलच असे नसते. आणि ते परत येऊ लागले की कॅन्सरही पुन्हा खाऊ लागतो. म्हणजे मनानेच सुई चुकवणाऱ्याच्या पदरी त्रासही राहतो आणि धोकाही येतो.

ज्यांना किरणोपचाराबरोबर सुई चालू असते त्यांची मुदत ठरलेली असते. कुणाला सहा महिने, कुणाला दोन-तीन वर्षे. हाडात गेलेल्या आजारात ती बहुधा चालूच ठेवावी लागते. काही रुग्णांना डॉक्टर स्वतःच मधे विश्रांती देतात आणि रक्तातल्या पीएसएच्या आकड्यावर नजर ठेवतात. तुम्हाला तशी विश्रांती मिळेल का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. ठरवायचे मात्र दोघांनी समोरासमोर बसून.

पैशासाठी सुई चुकत असेल तर तेही उघड सांगा. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार आहेत. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला भेटा, तुमचा उपचार बसतो का विचारा. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तिथली दारे ठोठावा. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते, त्याचा दाखला रुग्णालयातून घ्या. सुया परवडतच नसतील तर शस्त्रक्रियेचा पर्याय आहे का, हाही प्रश्न विचारता येतो. घाईने होकार देऊ नका, दोघांनी मिळून ठरवा.

खालील गोष्टी घडल्या तर तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा : पाठीत अचानक जोराची कळ येऊन पाय लुळे किंवा बधिर वाटणे, लघवी किंवा शौच अडकणे अथवा नकळत होणे, छातीत दुखणे, एकाच पायाला सूज, फेफरे, पडून हाड दुखणे. पाठीच्या कण्यावर दाब आला असेल तर तासांना किंमत असते. उशीर झाला की पाय कायमचे जाऊ शकतात. आणि अॅबिराटेरोनबरोबर प्रेडनिसोलोनची गोळी चालू असेल तर ती मनाने एकदम बंद करू नका.

डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर अर्धे विसरायला होते. म्हणून एका कागदावर लिहून न्या : वाफा किती, झोप किती, थकवा कधी, छाती, मन, पती-पत्नीचे, साखर-रक्तदाबाची औषधे. तोंडाने बोलवत नसेल तर कागद पुढे करा. डॉक्टर वाचतील. मी असे कितीतरी कागद पाहिले आहेत.

त्या घरी पुढे काय झाले?

फोन झाला त्या रात्री त्या भगिनींनी गॅलरीत जाऊन मिस्टरांना आपल्या पाळी जातानाच्या दिवसांची हकीकत सांगितली. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुला असं होत होतं आणि मी विचारलंही नाही." दुसरे काही बोलले नाहीत. पण चार दिवसांनी, सोमवारी, दोघे मिळून रुग्णालयात गेले. सुई घेतली. कागद पुढे केला. वाफांवर गोळी सुरू झाली. रक्त तपासले, साखर थोडी वाढलेली निघाली, ती आता डॉक्टरांच्या नजरेत आहे. छाती फारशी कमी होणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. निदान आता अंधारात नाहीत.

विहारात वाचनाला ते अजून गेलेले नाहीत. संध्याकाळी दोघे चालायला निघतात, विहाराच्या फाटकापर्यंत जातात आणि परततात. परवा त्या फोनवर म्हणाल्या, "ताई, काल फाटकाशी दहा मिनिटे उभे राहिले. आतले वाचन ऐकत होते." मी म्हटले, घाई करू नका. वर्षावास संपायला अजून अवकाश आहे.

वाचक बंधूंनो, तुमच्यापैकी कुणी ही सुई घेत असेल तर हा अंक बाजूला ठेवण्यापूर्वी एवढे करा. आज रात्री घरात एका माणसाला सांगा, मला असे असे होते. आणि भगिनींनो, तो सांगायला लागला तर हातातले काम खाली ठेवून ऐका.

पत्रे पाठवत राहा. अक्षर वाकडे असले तरी चालेल.

जयभीम.